साभार पोच

मासिकांच्या शेवटच्या पानांवर 'साभार पोच' नावाचं बारीक टायपातलं एक सदर असे. कोणकोणती पुस्तकं अभिप्रायासाठी आली, त्यांची नावं, पानं, किंमत. परीक्षण होवो न होवो, पुस्तक पोचलं एवढं लेखकाला कळायचं. आलेल्या पैशांची पोच मात्र मासिकात क्वचितच दिसे. ती असायची पावतीपुस्तकात, कार्बनच्या निळ्या अक्षरांत, आणि पावतीपुस्तकं कुणी जपून ठेवत नाही. मराठी वाङ्मयीन नियतकालिकांचा इतिहास आपण संपादकांचा म्हणून लिहिला, लेखकांचा म्हणून लिहिला, वादांचा म्हणून तर फारच चवीने लिहिला. कागदाचं बिल कुणी भरलं, हे प्रकरण त्यात सापडत नाही. हे पुस्तक नेमकं त्या प्रकरणासाठी आहे असं कळलं, म्हणून प्रस्तावनेला मी फोनवरच हो म्हणून टाकलं. नंतर पस्तावलो, पण तो भाग वेगळा.

या व्यवहारात मी शिरलो तो लेखक म्हणून नव्हे, जाहिराती गोळा करणारा पोरगा म्हणून. १९८० नंतरची ती वर्षं. आमच्या तालुक्याच्या गावातून एक त्रैमासिक निघायचं. संपादक म्हणजे आमचे मराठीचे सर. दिवाळीआधी दोन महिने त्यांच्या लुनावर मागे बसून आम्ही सगळी पेठ पालथी घालायचो. सरांच्या शबनममध्ये तीन वस्तू ठरलेल्या: मागच्या वर्षीचा अंक, दरपत्रक आणि पावतीपुस्तक. मलपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान, आणि अगदीच कुणाला नाही म्हणवत नसेल तर 'एक हितचिंतक' म्हणून एक ओळ.

एका सराफांच्या पेढीवरचा प्रसंग दरवर्षी जसाच्या तसा घडायचा. शेठ गादीवरून हात पुढे करून अंक घ्यायचे, आपल्या जाहिरातीच्या पानापर्यंत उलटायचे, दुकानाच्या नावातली वेलांटी बरोबर आहे ना ते बघायचे, आणि मग चष्म्यावरून विचारायचे, "सर, या कविता लोक वाचतात का हो?" सर म्हणायचे, "फारसं कुणी नाही." शेठ मान हलवायचे आणि मुनिमाकडे वळून म्हणायचे, "लिहा, पाव पान." चहा यायचा. पुढच्या दिवाळीला तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच पाव पान. त्या अंकामुळे दुकानाचं एक गिऱ्हाईकसुद्धा वाढलं नसेल, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण देणगी मागणाऱ्याला खाली बघायला लागू नये आणि देणाऱ्याला वर चढायला लागू नये, एवढी सोय त्या 'जाहिरात' या शब्दात होती. दुसऱ्या टोकाला एका पतसंस्थेने मलपृष्ठ कबूल केलं, अंक छापून बाजारात गेला, आणि दरम्यान संस्थेचे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांनी बिल बघितलं आणि विचारलं, "हे ठरवलं कुणी?" ते पैसे अजून यायचे आहेत.

दिवाळी अंकाची ही चाल 'मनोरंजन'कारांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मासिक मनोरंजन' सुरू केलं आणि १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. सणाला व्यापाऱ्याचा हात सैल असतो, ही साधी गोष्ट त्यांनी साहित्याच्या कामी लावली. त्यानंतरच्या शंभराहून जास्त वर्षांत मराठी कथेला आणि कवितेला जो पैसा मिळाला, त्यातला फार मोठा वाटा फराळाच्या दिवसांतल्या शुभेच्छांच्या जाहिरातींतून आला आहे. याला कुणी दानधर्म म्हणत नाही. मी म्हणतो.

त्याआधीची रीत आगाऊ वर्गणीची होती. एकोणिसाव्या शतकातलं मराठी पुस्तक उघडलं तर शेवटी कित्येकदा आश्रयदात्यांची आणि वर्गणीदारांची यादी दिसते: मामलेदार, वकील, शाळामास्तर, एखादे संस्थानिक, कुठले तरी दुकानदार. कुणाच्या नावापुढे एक प्रत, कुणाच्या नावापुढे दहा. दहा प्रती घेणारा माणूस दहाही वाचणार नसतो, हे उघडच आहे. मासिकांचंही तेच. जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये 'काव्यरत्नावली' काढलं. त्यात फक्त कविता. मुंबई-पुण्याबाहेर, खानदेशात, निव्वळ कवितेचं मासिक त्यांनी पुढे कित्येक दशकं चालवलं आणि केशवसुतांपासून बालकवींपर्यंतची कविता त्यातून लोकांपुढे आली. १९०७ मध्ये पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं तेही जळगावातच, आणि तिथेच त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोराचा 'बालकवी' झाला. साहित्याच्या इतिहासात हे संमेलन हटकून येतं. फडणीसांचा हिशेबाचा कागद येत नाही. स्वतःचा छापखाना, स्वतःचं वृत्तपत्र आणि त्या दोन्हींच्या खांद्यावर बसलेली कविता, असा तो संसार होता. पुढे मुंबईत खटाववाडीत 'मौज'च्या छापखान्याच्या आधाराने 'सत्यकथा' १९८२ पर्यंत तगली, तोही याच घरचा प्रकार. लग्नपत्रिका, अहवाल, पाठ्यपुस्तकं छापणारं यंत्र रात्री कविता छापतं. मराठीतला सगळ्यांत मोठा दाता कोण, असं मला कुणी विचारलं तर मी छापखान्याकडे बोट दाखवीन. उधारी हेसुद्धा दानच.

पण सगळेच हात सारखे नसतात, आणि या पुस्तकाचा खरा विषय तिथे सुरू होतो. पेशव्यांच्या दक्षिणेतून उरलेला पैसा इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला गेला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक त्या कमिटीकडे दिलं. ते नाकारलं गेलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, हे फुल्यांनी स्वतःच पुढे 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवलं आहे. नाटक त्यांच्या हयातीत छापलंच गेलं नाही. म्हणजे पैसा होता, तो मराठी पुस्तकांसाठीच होता, पुस्तकही तयार होतं. आडवी आली ती निवड करणारी बैठक.

याच्या उलट बाजूला कोल्हापूरचा अडीच हजारांचा आकडा आहे. डॉ. आंबेडकरांना पाक्षिक काढायचं होतं आणि शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच सुमारास 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला होता. हे दोन व्यवहार शेजारी ठेवून बघावेत. एकीकडे पैसे देऊनही चार ओळींची जागा मिळत नाही, दुसरीकडे न छापलेल्या अंकासाठी एकरकमी पैसे मिळतात. शाहू महाराज संस्थानिक होते, त्यामुळे याला खाजगी देणगी म्हणायचं की राजाश्रय, यावर या पुस्तकातल्या एका लेखात बराच कीस काढला आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. अधिक महत्त्वाचं ते पुढचं. आंबेडकर त्याच वर्षी शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, मागे व्यवस्थापनाचे घोळ झाले, ६ मे १९२२ रोजी महाराज वारले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' थांबलं. पहिला अंक काढायला एक मोठं मन पुरतं. तीस-चाळिसाव्या अंकाला दर पंधरवड्याला कागद, टपाल आणि माणूस लागतो. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झालं तेव्हा आंबेडकरांनी चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढले आणि त्याच पत्रातून वाचकांकडे निधी मागितला. लेखणी फुकट होती. बाकी काहीच फुकट नव्हतं.

औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभं केलं आणि दलित साहित्याच्या कित्येक पिढ्या त्यातून लिहित्या झाल्या. त्याच्यामागे कुठलं घराणं नव्हतं. प्राध्यापकाचा पगार आणि वर्गणीदार, बस्स.

घराण्याचा पैसा मासिकाला लागला आणि मानवला, याचं मराठीतलं उत्तम उदाहरण किर्लोस्करवाडीचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० मध्ये त्या माळावर नांगरांचा कारखाना उभा राहिला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं ते कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत, एजंटांपर्यंत पोचावी म्हणून. नांगराच्या फाळाबरोबर खेड्यात गेलेल्या त्या पत्रकाचं बघता बघता मासिक झालं. मग १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख, बाईच्या शिक्षणापासून संततिनियमनापर्यंतची चर्चा, कथा, व्यंगचित्रं. सनातन्यांना झोंबेल असा मजकूर एका यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या नावाने घरोघर जात होता. यातून नांगर जास्त खपले की कमी, हा प्रश्न मला सतत पडतो. गिऱ्हाईक दुखावेल म्हणून गप्प बसणं हा धंद्याचा पहिला नियम. शंकररावांनी तो पाळला नाही आणि कारखान्याने त्यांना तो पाळायला लावला नाही. 'स्त्री'च्या अंकांचे जुने बांधीव खंड मी आमच्या मावशीकडे पाहिले आहेत. समासात पेन्सिलीने खुणा, आणि एका पाककृतीच्या शेजारी 'मीठ कमी' असा शेरा. दोन पानं मागे घटस्फोटावरचा लेख. त्याच्या समासात शेरा नव्हता, पण पानाचा कोपरा दुमडलेला होता.

हेही खरं, की घराण्याचा व्यवसाय ज्या वाटेने जातो त्या वाटेने त्याचं मासिकही जातं. वाडीची ती मासिकं पुढे किर्लोस्करांकडे राहिली नाहीत. विद्या बाळ 'स्त्री'तून बाहेर पडल्या आणि त्यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढलं, तेव्हा पाठीशी कारखाना नव्हता, मैत्रिणी होत्या.

आता पुरस्कारांकडे. इथे माझं आणि या पुस्तकाच्या संपादकांचं थोडं वाजतं. त्यांनी पुरस्कारांना चार लेख दिले आहेत आणि अंकाच्या खर्चाला दोन. माझ्या मते हेच आपल्या समाजाचंही प्रमाण आहे, आणि तेच दुखणं आहे. गणपतीच्या मखराला वर्गणी मिळते, मुदपाकखान्यातल्या सरपणाला मिळत नाही. साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन यांनी १९४४ मध्ये भारतीय ज्ञानपीठ स्थापन केलं. १९६५ पासून त्याचा पुरस्कार सुरू झाला आणि देशातल्या भाषांमधला तो मानाचा पुरस्कार ठरला. मराठीत खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे या चौघांच्या गळ्यात तो पडला. याच साहू जैन घराण्याच्या वृत्तपत्रसमूहाची 'धर्मयुग' आणि 'सारिका' ही हिंदी नियतकालिकं होती. ती काळाच्या ओघात बंद झाली. पुरस्कार चालू आहे. यात कुणाचा दुष्टावा नाही. पुरस्कार वर्षातून एकदा द्यायचा असतो, त्याला व्यासपीठ असतं, फोटो असतो, आणि चुकीच्या माणसाला दिला तरी पुढच्या वर्षी भरपाई करता येते. मासिक दर महिन्याला पैसे मागायला दारात उभं असतं.

अमेरिकेतल्या मराठी माणसांनी चालवलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनने सुनील देशमुख यांच्या पुढाकाराने १९९४ पासून साहित्य पुरस्कार सुरू केले, त्यांना पुढे समाजकार्याच्या पुरस्कारांची जोड मिळाली. खेड्यापाड्यांतल्या, तोवर ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं अशा लेखकांना आणि कार्यकर्त्यांना त्यांनी हात दिला, याबद्दल दुमत नाही. समुद्रापलीकडून आलेल्या पैशाने इथल्या भाषेचं बोट धरावं, हे हृद्य आहे. तरीही माझी आपली भुणभुण तीच: त्यातल्याच एखाद्या डॉलरने कुठल्यातरी अनियतकालिकाचं टपाल भरलं असतं तर? आणि पुरस्काराचे पैसे घेतलेले लेखक ते कुठे देतात, तेही बघण्यासारखं आहे. विंदा करंदीकरांनी आपल्या पुरस्कारांच्या रकमा वाटून टाकल्या. दात्याकडून लेखकाकडे आणि लेखकाकडून आणखी कुणाकडे, असा तो पैसा पुढे सरकत गेला.

जगात या विषयाची सगळ्यांत रंगतदार गोष्ट शिकागोची आहे आणि ती या पुस्तकात नाही, म्हणून इथे सांगून टाकतो. हॅरिएट मन्रो या बाईंनी १९१२ मध्ये 'पोएट्री' नावाचं मासिक काढायचं ठरवलं. त्या शहरातल्या शंभरेक धनिकांकडे गेल्या आणि प्रत्येकाला म्हणाल्या, वर्षाला पन्नास डॉलर द्या, पाच वर्षं द्या. एकाकडून पाच हजार मागितले असते तर तो मालक झाला असता. शंभर जणांकडून मागितले, म्हणून कुणीच मालक झालं नाही. त्या पैशातून पहिल्यापासून कवींना मानधन मिळू लागलं. रवींद्रनाथांच्या कविता त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकात आल्या, टी. एस. एलियटची पहिली गाजलेली कविता १९१५ मध्ये. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, औषधांच्या कारखान्याच्या घराण्यातल्या रूथ लिली या बाई तिथे आपल्या कविता पाठवू लागल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर कविता 'साभार परत' आल्या, पण संपादकाने सोबत हाताने लिहिलेली सभ्य चिठ्ठी जोडली. २००२ मध्ये या बाईंनी त्या मासिकाला सुमारे दहा कोटी डॉलर दिले. तेव्हा तिथे चार माणसं काम करत होती.

ही गोष्ट कुठल्याही संपादकाला सांगितली की तो आपल्या कपाटातल्या साभार परत केलेल्या कवितांकडे नव्या नजरेने बघतो. मी बघितलं आहे. पण तिचा उत्तरार्धही सांगायला हवा. चार माणसांच्या मासिकाचं प्रतिष्ठान झालं, २०११ मध्ये स्वतःची देखणी इमारत झाली, आणि एवढा पैसा कवींपर्यंत पोचतो किती, यावर भांडणं सुरू झाली. २०२० मध्ये शेकडो कवींनी जाहीर पत्र लिहिलं आणि प्रतिष्ठानच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. पन्नास डॉलर देणाऱ्या शंभर जणांच्या काळात असं पत्र लिहायला कुणाला सुचलं नसतं.

आणखी एक सावली या विषयावर आहे, ती टाळून चालणार नाही. १९५५ मध्ये मुंबईहून निसीम इझिकेल यांच्या संपादकत्वाखाली 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक निघालं. अ. भि. शहा पुढे त्याचे संपादक झाले, आणि 'न्यू क्वेस्ट' या त्याच्या नव्या अवताराचं संपादन नंतर दिलीप चित्र्यांनीही केलं. मूळ 'क्वेस्ट' ज्या सांस्कृतिक स्वातंत्र्याच्या आंतरराष्ट्रीय चळवळीशी जोडलेलं होतं, तिच्यामागचा पैसा अमेरिकेच्या सीआयएचा होता, हे १९६६-६७ मध्ये उघड झालं. खाजगी धर्मादाय संस्था म्हणून मिरवणारी काही नावं म्हणजे नुसत्या पाट्या निघाल्या. 'क्वेस्ट'मधला मजकूर चांगलाच होता, आजही वाचावा असा. पण देणारा चेहरा दिसत नसेल तर चांगल्या मजकुरालाही वास येऊ लागतो. आमच्या सराफ शेठांचा पैसा सोन्याच्या घडणावळीतून आला आहे, एवढं तरी आम्हाला माहीत होतं.

साठोत्तरी लघुनियतकालिकांना हा प्रश्नच नको होता. 'शब्द' सायक्लोस्टाइलवर निघायचं. अशोक शहाण्यांचं 'असो', नेमाड्यांचं औरंगाबादेतलं 'वाचा', आणि पुढे निघालेली कितीतरी. जाहिरात नको, अनुदान नको, प्रस्थापितांचा चहासुद्धा नको. मग पैसा कुणाचा? खिशातला, म्हणजे नोकरीचा. अरुण कोलटकर जाहिरात संस्थेत काम करत होते. म्हणजे ज्या जाहिरातीला अंकात जागा नव्हती, तीच पगारातून आत येत होती. हे मी चेष्टेने म्हणत नाही. मराठी कवितेचा एक मोठा आश्रयदाता म्हणून मुंबईतल्या जाहिरात व्यवसायाचं नाव कुणीतरी एकदा नीट घ्यायला हवं.

आजची स्थिती थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर पुस्तकात दोन लेख सविस्तर आहेत. राज्याचं साहित्य आणि संस्कृती मंडळ अनुदान देतं, पण तो सरकारी मार्ग आणि ती वेगळी कथा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. मान्य कामांच्या यादीत वारसा, कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं आहेत. वाङ्मयीन मासिक हा शब्द नाही. 'संस्कृती'त ते बसवता येतं, पण त्यासाठी अर्ज लिहिणारा, अहवाल देणारा, 'या कथेचा लाभ किती व्यक्तींना झाला' हा रकाना भरणारा माणूस लागतो. तो पगारी ठेवायचा तर अंकाला पैसे उरत नाहीत. टपालाची सवलत हवी तर अंक ठरल्या तारखेला पेटीत पडला पाहिजे, आणि कवी लोक ठरल्या तारखेला कविता देत नाहीत.

पुस्तकातली एक उणीव सांगतो. दात्यांची बाजू इथे नाही. लेखक बोलले आहेत, संपादक बोलले आहेत, मुद्रक एक आहे आणि त्याचा लेख सगळ्यांत वाचनीय आहे. देणाऱ्यांपैकी एकही नाही. संपादकांनी सांगितलं, की विचारलं तर तिघे-चौघे संकोचले आणि एकाने फोनच ठेवला. त्यांच्या संकोचाचा मी आदर करतो, तरी चुटपुट राहिली. सराफ शेठांना मी कधी विचारलं नाही, की तुम्ही पाव पान का देता. सर गेले, त्रैमासिक थांबलं, मग एकदा गावी गेलो असताना पेढीत डोकावलो. गादीवर त्यांचा नातू होता. मी ओळख सांगितली. तो म्हणाला, "थांबा," आणि आतून एक गठ्ठा घेऊन आला. सुतळीने बांधलेले अंक, एकूण सतरा. "आजोबा दुपारी दुकान मिटलं की हे वाचत बसायचे," तो म्हणाला. सुतळी सोडली तर वरच्याच अंकात, त्यांच्या जाहिरातीच्या पानावर नव्हे, कवितेच्या पानावर, पेढीची एक जुनी पावती खूण म्हणून घातलेली होती.